नाशिकचा दर चार पूर्णांक एक

द्वारका चौकातल्या फलकावर रोज सकाळी साडेसातला आकडे बदलतात. दूध घेऊन परतताना मी थांबून ते वाचतो. २०४१ च्या ऑगस्टमधल्या त्या मंगळवारी नागपूर अकरा पूर्णांक दोनवर होतं, सुरत नऊ पूर्णांक तीनवर, पुणे आणि इंदूर आठच्या जरा वर, कोइम्बतूर सात पूर्णांक सहावर. सगळ्यात शेवटी हिरव्या अक्षरांत नाशिक होतं, चार पूर्णांक एक. काम करू इच्छिणाऱ्या शंभर माणसांपैकी चौघांनाच काम नाही, असा त्याचा अर्थ. देशातल्या अठ्ठावीस महानगरांत एवढा कमी दर कुणाचाच नव्हता, आणि हे तिसरं वर्ष होतं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी फलकाचा फोटो काढून नागपूरच्या साडूला पाठवला. साडू फार बोलतो, आता आठवडाभर गप्प बसेल, असं त्यांनी मला आपणहून सांगितलं.

मी हसलो. काही बोलता आलं असतं, पण चौकात उभं राहून अनोळखी माणसाशी बोलणं मला कधी जमलं नाही. शिवाय त्या आकड्याबद्दल मला जे वाटत होतं त्याची खात्री नव्हती. नाशकातला काम नसलेला एक माणूस मला ठाऊक होता. तो माझा जावई होता. पण एका माणसावरून शहराचा दर चुकीचा ठरत नाही, हे सर्वेक्षण खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको.

खात्यात माझं काम दारोदार जाण्याचं होतं. निवडलेल्या घराची बेल वाजवायची आणि जे कुणी दार उघडेल त्याला घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाबद्दल विचारायचं, की गेल्या सात दिवसांत एखाद्या दिवशी, एक तास तरी, काम केलं का? केलं असेल तर तो माणूस कार्यरत. केलं नसेल आणि काम शोधत असेल तर बेकार. अशी काही शे घरं मिळून शहराचा अंदाज निघायचा, तोही सहा महिन्यांनी. घरं थोडी, त्यामुळे टक्का-दीड टक्क्याची चूक सहज असायची. एका शहराचा दर सहा आला आणि दुसऱ्याचा सात, तर त्यावरून कोण बरं कोण वाईट हे ठरत नाही, असं आम्ही अहवालाच्या तळटीपेत लिहीत असू. तळटीप कुणी वाचत नसे.

मी निवृत्त झाल्यावर सहा वर्षांनी श्रममापक आला. श्रममापक कुणाला काही विचारत नाही. प्रत्येक घराच्या विजेच्या मीटरला दिवसभराचा एक चढउतार असतो. नळाचं पाणी कधी ओढलं जातं, घरातले फोन कधी बाहेर पडतात आणि कुठे किती वेळ थांबतात, याचाही असतो. हे सगळं एकत्र केलं की त्या घराच्या दिवसाची एक रेघ तयार होते. कुठली रेघ काम असलेल्या माणसाची आणि कुठली नसलेल्याची, हे मात्र यंत्राला आधी शिकवावं लागलं. त्यासाठी आमची २०२८ ते २०३० मधली घरं घेतली गेली. त्या फेरीत आम्ही परवानगी घेऊन प्रत्येक घराची रेघ नोंदवली होती आणि तक्त्यात त्या घराचं उत्तर लिहिलं होतं. रेघ आणि उत्तर, अशा हजारो जोड्या बघून यंत्र शिकलं. सुरतेत रात्रपाळ्या असतात, कोइम्बतुरात गिरण्यांचा भोंगा पहाटे होतो, प्रत्येक शहराची चाल वेगळी. म्हणून प्रत्येक शहराचं यंत्र त्याच शहराच्या तक्त्यांवर शिकवलं. मग लाखो घरांचा दर रोज सकाळी मिळू लागला आणि तळटीप गेली.

त्या दरावर पुढे योजनाही बसली. ज्या महानगराचा दर सलग तीन महिने आठच्या वर राहील तिथे नागरी काम योजना लागू होते, म्हणजे वर्षाला दोनशे दिवस काम आणि नव्या कामाचं शिक्षण. नागपूरला ती होती, सुरतला होती. आमच्याकडे महापालिकेने 'कामसू नाशिक' अशा कमानी उभ्या केल्या होत्या.

निरंजनराव, माझे जावई, अंबडच्या एका कारखान्यात बेअरिंग तपासायचे. सोळा वर्षं. बोटांनी फिरवून आवाजावरून दोष सांगायचे. फेब्रुवारीत कंपनीने तो सगळा विभाग कॅमेऱ्यांच्या स्वाधीन केला आणि माणसांना दहा महिने अर्धा पगार देऊन घरी पाठवलं. निरंजनराव घरी गेले नाहीत. पगार कमी झाल्याचं त्यांनी माझ्या मुलीला, उत्तराला, सांगितलं, मंदी आहे म्हणाले. रोज सकाळी नऊला डबा घेऊन निघायचं आणि संध्याकाळी साडेसहाला परत यायचं, हे त्यांनी चालूच ठेवलं.

मला हे मार्चमध्ये कळलं, गंगापूर रोडवरच्या वाचनालयात. तिथे मी गेली चाळीस वर्षं दुपारी बसतो. वर्तमानपत्रांच्या दालनात लांब टेबलाशी ते बसले होते. मी प्रवासवर्णनांच्या कपाटामागे गेलो आणि अर्धा तास तिथेच उभा राहिलो. शेवटी तेच उठून आले.

"अण्णा, उत्तराला नको," एवढंच म्हणाले.

मी मान हलवली. त्यानंतर आम्ही त्याच टेबलाशी समोरासमोर बसू लागलो. ते विश्वकोशाचे खंड क्रमाने वाचत होते. हळूहळू मला टेबलावरची बाकीची माणसं दिसू लागली. निरंजनराव धरून अकरा होती. सगळ्यांजवळ डबा. एक वाजता ती एकेक करून मागच्या व्हरांड्यात जात आणि एकेका खांबाशी वेगवेगळी जेवत. एकत्र जेवली असती तर एकमेकांना विचारावं लागलं असतं.

ऑगस्टमध्ये निरंजनरावांनी नागरी काम योजनेत अर्ज केला. कमी दराच्या शहरातल्या माणसालाही तसा अर्ज करता येतो, फक्त त्याच्या घराच्या रेघेवरून तो बेकार दिसला पाहिजे. चौथ्या दिवशी उत्तर आलं. ते त्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. 'अर्जदार: कार्यरत. खात्री: ९४ टक्के.'

"मी सांगतोय की मला काम नाही, आणि हे म्हणतंय की आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "अपील कुणाकडे करायचं अण्णा? माझ्या मीटरकडे?"

डिसेंबरमध्ये अर्धा पगार थांबणार होता. त्याच्या आत काम मिळालं तर घरात काही सांगावंच लागणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. तुम्ही त्या खात्यात होता, जरा विचारून बघा, असं त्यांनी म्हटलं. मला नाही म्हणता आलं नाही.

श्रममापक चालवणाऱ्या महानगर श्रम वेधशाळेचं कार्यालय त्र्यंबक रोडला आहे. तिथे रेवा पाडवी नावाची एक अधिकारी भेटली. तिशीची असेल, नंदुरबारकडची. माझं नाव सांगितल्यावर ती उठून उभी राहिली. मला वाटलं मागे कुणी मोठा माणूस आला असेल. ती म्हणाली, गर्गे म्हणजे ते तक्तेवाले का? आमच्या प्रशिक्षणात नमुना म्हणून तुमचे तक्ते दाखवतात. अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नाही, एकही चौकट कोरी नाही.

मी माझं काम सांगितलं. ती म्हणाली, यंत्र असं का म्हणालं हे त्याला विचारता येतं, पण ते कारण शब्दांत सांगत नाही. शिकताना पाहिलेल्या रेघांपैकी कुठल्या रेघा या घराच्या सगळ्यात जवळच्या वाटल्या, ते दाखवतं. तिने निरंजनरावांच्या अर्जाचा क्रमांक टाकला. पडद्यावर पाच जुने तक्ते आले. पाचही माझ्या अक्षरात होते.

तिसरा मला ओळखू आला. सातपूर कॉलनी, नोव्हेंबर २०२९. बाईंनी दार उघडलं होतं. मिस्टर काय करतात विचारल्यावर, जातात ना रोज साडेनऊला, असं त्या म्हणाल्या. मिस्टर त्यांच्या मागे आतल्या दारात टॉवेल हातात घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना मी ओळखत होतो, कारण तक्ते सुवाच्य करायला मी दुपारी वाचनालयात बसायचो आणि गेले दोन महिने ते माझ्यासमोर बसून नोकरीच्या जाहिराती वाचत होते. त्या वर्षी पहिल्यांदा यंत्रांनी माणसं काढली होती. मी 'कार्यरत' लिहिलं.

नियम वेगळा होता. शंका असेल तर चौकट कोरी सोडायची आणि त्या माणसाला एकट्याला गाठून पुन्हा विचारायचं. पण एकट्याला गाठून मी काय विचारणार होतो? दुसऱ्या शहरांतले माझे सहकारी चौकटी कोऱ्या सोडत. कोऱ्या चौकटीचे तक्ते पुढे यंत्राच्या शिक्षणातून वगळले गेले. माझा एकही वगळला गेला नाही. सकाळी नऊला डबा घेऊन बाहेर पडायचं, दिवसभर एका जागी बसायचं आणि साडेसहाला घरी यायचं, याला काम म्हणतात, हे नाशिकच्या यंत्राला मी शिकवलं होतं.

हे रेवाला सांगायला मला फार वेळ लागला.  शेवटी तिने विचारलं, अशी किती घरं?

"दोनशे बारा," मी म्हणालो. मोजायची गरज नव्हती. मला ती पाठ होती.

तिने काहीतरी आकडेमोड केली. नाशिकच्या शिक्षणात माझ्या तक्त्यांचा वाटा जवळजवळ निम्मा होता. सगळं धरून खरा दर नऊ ते दहाच्या मध्ये असावा, म्हणजे साठेक हजार माणसं त्या हिरव्या आकड्यात दिसत नव्हती. पुणे आणि नागपूर आपल्यापेक्षा वाईट दिसत होते, कारण तिथल्या लोकांनी चौकटी कोऱ्या ठेवल्या होत्या.

"तुम्ही चांगलं वागलात की वाईट, मला कळत नाहीये काका," ती म्हणाली. "पण एक चौकट कोरी सोडायला काय हरकत होती?"

  त्या माणसांची लाज राखली असं मी मनाशी म्हणत आलो, पण पुन्हा जाऊन विचारायचा मलाच संकोच वाटत होता, हेही तितकंच खरं असेल.

उपाय होता. बारा वर्षांपूर्वीची उत्तरं माझ्या एकट्याच्या शब्दावर बदलता येणार नव्हती, पण यंत्राला नवी उदाहरणं देऊन पुन्हा शिकवता येतं. त्याला तीस घरं पुरतील, असं रेवाने सांगितलं. ज्या घरातल्या माणसाला यंत्र कार्यरत म्हणतंय आणि तो स्वतः म्हणतोय की मला काम नाही, अशी तीस घरं. अडचण एकच होती. मीटर आणि नळ सगळ्या घराचे असतात, म्हणून कायद्याप्रमाणे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची सही लागते. तक्ता घरी बसूनच भरायचा, सगळ्यांसमोर.

म्हणजे निरंजनरावांना उत्तरासमोर बोलावं लागणार होतं.

मी त्यांना वाचनालयात सगळं सांगितलं, माझ्या तक्त्यांसकट. त्यांनी खंडाच्या पानावर बोट ठेवलं. तुम्ही लिहिलंत म्हणून माझा अर्ज गेला, असं ते म्हणतील असं मला वाटत होतं. तसं ते म्हणाले नाहीत. त्या सातपूरच्या माणसाचं पुढे काय झालं, एवढंच त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. मग ते म्हणाले, रविवारी या, त्या बाईंना घेऊन या. मला एकट्याला सांगता येणार नाही. सहा महिने रोज रात्री ठरवतोय.

रविवारी दुपारी चारला आम्ही गेलो. उत्तरा मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. सकाळची शाळा असते तिची. नात क्लासला गेली होती. उत्तराने रेवाला पाणी दिलं, पोहे करू का विचारलं. अण्णांना निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी तक्ते सुटत नाहीत, असं तिने रेवाला हसत सांगितलं. रेवाने कागद काढला आणि नियमाप्रमाणे सुरुवात केली. नाव, वय, शिक्षण. मग निरंजनरावांबद्दल तो प्रश्न विचारला. उत्तर उत्तरानेच दिलं. जातात की रोज, रविवार सोडून.

रेवाने लिहिलं नाही. ती थांबली. मीही खाली बघत राहिलो. अशा वेळी मी इतकी वर्षं पेन टेकवत आलो होतो. आता पेन दुसऱ्याच्या हातात होतं आणि ते हलत नव्हतं.

"नाही," निरंजनराव म्हणाले. "गेल्या सात दिवसांत नाही. फेब्रुवारीपासून नाही."

 कुठे जातोस मग, असं उत्तराने विचारलं. वाचनालयात, असं त्यांनी सांगितलं. वाचनालय म्हटल्यावर ती माझ्याकडे वळली.

"तुम्हाला कधी कळलं, अण्णा?"

"मार्चमध्ये."

"पाडव्याला जेवताना तुम्ही याला विचारलंत, कामाचा ताण फार आहे का. माझ्यासमोर विचारलंत. याने सांगितलं, आहे थोडा. आणि मी याला आग्रहाने श्रीखंड वाढलं."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

"दोघं मिळून नाटक करत होतात, आणि तिकीट काढून बसलेली मी एकटी."

रेवाने जपून कागद तिच्यापुढे सरकवला. सहीची जागा दाखवली, तीस घरांचं, योजनेचं समजावून सांगितलं. शहरातल्या किती लोकांचा प्रश्न आहे तेही सांगितलं. उत्तराने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, सही करणार नाही. माझ्या शाळेत गेल्या महिन्यात कामसू नाशिकची चित्रस्पर्धा झाली, मी बक्षिसं दिली. उद्या तुमच्या यादीत माझं घर पहिलं. त्या साठ हजार लोकांनी आपापल्या बायकांना आधी सांगावं, मग माझ्याकडे यावं.

निरंजनराव काही बोलायला गेले, तिने हात वर केला. आम्ही उठलो. दारात ती मला म्हणाली, "काही दिवस येऊ नका अण्णा. मी फोन करेन."

रेवाने तो कागद मला ठेवायला दिला, बरोबर बाकीच्या घरांसाठी थोडे कोरे तक्तेही. मन बदललं तर बघा, म्हणाली. त्याच्यावर निरंजनरावांची सही होती आणि त्याखाली उत्तराची जागा मोकळी. मी तो टेबलाच्या खणात ठेवला, मग पिशवीत, मग परत खणात. उत्तराची सही मला काढता येते. ती शाळेत असताना अक्षर सुधारायला मीच तिला गिरवायला बसवत असे, तिच्या सहीतला 'उ' माझाच आहे. कुणी तपासलं नसतं. माझ्या कागदांवर कधीच कुणी शंका घेतली नव्हती. दोन दिवस मी हा विचार करत होतो हे लिहायला मला लाज वाटते. पण आता काही लपवून लिहिण्यात अर्थ नाही. तिसऱ्या दिवशी मी तो कागद तसाच मोकळा पिशवीत घातला आणि वाचनालयात गेलो. वेधशाळेत परत देऊन टाकावा, असं ठरवलं होतं.

निरंजनराव टेबलाशी होते. घरी दोघांत बोलणं नव्हतं. तिने डबा मात्र रोज भरला होता आणि ते रोज घेऊन निघत होते. आता कुणासाठी निघायचं, असं मी विचारलं नाही. घरी बसून तिच्या समोर यायचं धैर्य नसेल, किंवा बिल्डिंगमधल्या लोकांसाठी असेल.

त्या बुधवारी एक वाजता टेबल रिकामं झालं, माणसं व्हरांड्यात गेली. मी वर्तमानपत्राच्या घड्या घालत होतो. मान वर केली तेव्हा दालनाच्या दारात उत्तरा उभी होती. शाळेतून थेट आली होती, हाताला रंग होता. ती माझ्याकडे आली नाही. मागच्या दारातून व्हरांडा दिसतो, तिथे जाऊन उभी राहिली. मीही गेलो. अकरा माणसं अकरा खांबांशी जेवत होती, सगळ्यांची तोंडं बाहेरच्या भिंतीकडे. पाचव्या खांबाशी निरंजनराव होते.

"हे सगळे?" तिने हळूच विचारलं.

 घराघरात मिळालेली माहिती बाहेर सांगायची नाही अशी आम्ही शपथ घेत असू; ही माणसं कुठल्या तक्त्यात नव्हती, तरी ती सवय माझी सुटली नव्हती.

"नका सांगू. दिसतंय मला."

तेवढ्यात ती एकदम मागे सरकली. आठव्या खांबाशी शिरसाठ होते. तिच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात, आधी एका विमा कंपनीत दावे तपासायचे. तिने मला नंतर सांगितलं की सकाळी लिफ्टचं दार ते तिच्यासाठी धरून ठेवतात आणि रोज तेच म्हणतात, उशीर झाला हो आज.

ती परत टेबलाशी येऊन बसली. कागद आहे का, म्हणून विचारलं. मी पिशवीतून काढून दिला. तिने तो पहिल्यापासून वाचला, पाठची बारीक अक्षरंसुद्धा. 'किती काळापासून काम नाही' याच्यापुढे रेवाने सात महिने लिहिलं होतं. ते तिने बोटाने मोजलं आणि एक महिना जास्त लिहिलाय म्हणाली. दुरुस्त करून शेजारी सही केली, मग खाली सही केली.  तिने पेनाचं टोपण लावलं.

शिरसाठ डबा धुऊन आत आले आणि दोन पावलांवर थांबले. पाणी डब्यातून फरशीवर गळत होतं.

"वहिनी, तुम्ही इथे?"

ती सहज काही म्हणू शकली असती. वडिलांना भेटायला आले, असं म्हणाली असती तरी ते खरंच होतं, आणि मी तर तेच म्हटलं असतं.

"निरंजनला काम नाही फेब्रुवारीपासून," ती म्हणाली. "मला रविवारी कळलं. आत्ता कागदावर सही केली."

शिरसाठांनी रुमाल काढून डबा पुसला. आतून, बाहेरून, झाकण. 

"आमच्या घरी..." त्यांनी सुरुवात केली आणि सोडून दिली.

"सुलभाताईंना मी नाही सांगणार. ते तुम्ही सांगायचं. मला माझ्या नवऱ्याकडून ऐकायला मिळालं, तेही परक्या बाईसमोर. त्यांना तेवढंसुद्धा नको का मिळायला?" मग जरा थांबून म्हणाली, "एकट्याने होत नसेल तर मी येते बरोबर. त्या आत्ता घरी असतील."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोनला वीस मिनिटं होती.

"आत्ता कसं?" ते म्हणाले. "मी साडेसहाला जातो घरी."

उत्तरा उठली. तिने त्यांच्या हातातला डबा घेतला, त्यांच्याच पिशवीत ठेवला आणि पिशवी त्यांना दिली. व्हरांड्याच्या दारात निरंजनराव येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. ती त्यांच्याशी बोलली नाही. एकदा बघितलं, इतकंच, आणि जिन्याकडे निघाली. शिरसाठ क्षणभर तिथेच घुटमळले, मग तिच्या मागे गेले.

रेवाने दिलेले कोरे तक्ते माझ्या पिशवीत होते. मी ते घेऊन निघालो तेव्हा निरंजनराव टेबलाशी बसले नाहीत. त्यांनी खंड बंद करून कपाटात ठेवला आणि माझ्याबरोबर जिना उतरले. काही अंतर ठेवून आम्ही चालत होतो. पुढे उत्तरा झपझप जात होती आणि शिरसाठ रस्त्याच्या कडेने, झाडांच्या आडोशाने, ऑफिसच्या वेळात आपल्याला कुणी बघेल म्हणून मान खाली घालून तिच्या मागे निघाले होते.